‘परळला जा’ हे उत्तर नाही

पोस्ट मोठी आहे. पण घरात तान्हं बाळ असेल, येणार असेल, किंवा तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी असेल, तर शेवटपर्यंत वाचा. कोणाच्या तरी पायाचा प्रश्न आहे, आणि हे मी शब्दशः म्हणतोय.

आमच्या बिल्डिंगमध्ये चार घरी काम करणाऱ्या एक मावशी आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना नातू झाला. दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडे बघणारे. सुनेला पहिल्या दिवसापासून ऐकावं लागलं की ग्रहणात पाय दुमडून बसली असणार, म्हणून असं झालं. मालिशवाल्या आजी म्हणाल्या, ‘दोन महिने तेल लावून ओढते, सरळ होतील.’ त्या दोन महिन्यांत काही झालं नाही. मग एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये प्लास्टर सुरू झालं. (हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका हॉस्पिटलचं नाव घेतलं की बाकीचे सगळे सुटतात.)

प्लास्टरचे डॉक्टर फक्त मंगळवारी. तीन मंगळवार गेले. चौथ्याला सुट्टी. पाचव्याला डॉक्टर बदललेले, नवीन डॉक्टर म्हणाले पुन्हा बघू. मध्ये एकदा प्लास्टर घसरलं, पायाची बोटं आत गेली, पोर रात्रभर रडलं, शेवटी आईने कोमट पाण्यात भिजवून घरीच काढलं. त्याबद्दल पुढच्या वेळी ओरडा बसला. प्लास्टर संपल्यावर एका चिठ्ठीवर बुटांचं नाव लिहून दिलं, ‘बाहेरून घ्या.’ घेतले. पण ते बूट किती वर्षं घालायचे हे त्या मुलीला कळेल अशा भाषेत कोणी सांगितलं नाही. पाय तर सरळ दिसत होते. पोर रात्री रडायचं. सासूने एक दिवस बूट काढून माळ्यावर टाकले.

आज तो मुलगा पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालतो. आणि हॉस्पिटलच्या भाषेत याला काय म्हणतात माहिती आहे? ‘पालकांनी फॉलोअप केला नाही.’

माझं भांडण या एका वाक्याशी आहे.

आधी हा आजार काय ते बघू. याला क्लबफूट म्हणतात. जन्मतःच पाऊल आत आणि खाली वळलेलं असतं. साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला होतो, म्हणजे काही दुर्मिळ नाही. ज्या सूतिकागृहात वर्षाला तीन हजार बाळंतपणं होतात, तिथे वर्षाला दोन-चार बाळं अशी जन्मणारच. ग्रहणाचा, विळीचा, आई कशी बसली याचा काहीही संबंध नाही. ज्या सुनांना हे ऐकावं लागलंय त्यांच्या सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवा.

आणि आता ऐका, उपचार काय आहे. मूळचे स्पेनचे आणि अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी बसवलेली पद्धत. बाळाचं पाऊल हळूहळू हाताने वळवायचं आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. दर आठवड्याला बदलायचं. अशी साधारण पाच ते सात प्लास्टरं. बहुतेक बाळांना शेवटी टाचेमागच्या शिरेला एक छोटासा छेद लागतो, भूल न देता नुसती जागा बधिर करूनही तो देता येतो, आणि त्यानंतरचं प्लास्टर तीन आठवडे. मग मध्ये पट्टी असलेले दोन बूट. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, त्यानंतर फक्त झोपताना, बाळ चार वर्षांचं होईपर्यंत.

बस्स, एवढंच! ना मोठं ऑपरेशन, ना आयसीयू, ना परदेशातून आणलेलं मशीन. प्लास्टर, कापूस, शिकलेले हात आणि चिकाटी. पूर्वी याच पायांवर मोठमोठी ऑपरेशनं व्हायची आणि ते पाय मोठेपणी कडक होऊन दुखायचे. आज जगभर पोन्सेटी हाच पहिला उपचार मानला जातो. म्हणजे जो उपचार सगळ्यात स्वस्त आहे तोच सगळ्यात चांगला आहे. आपल्या आरोग्यव्यवस्थेत असा योग किती वेळा येतो?

पण यात एक अट आहे. उपचार स्वस्त असला तरी फेऱ्या भरपूर आहेत. पहिल्या तीन-चार महिन्यांत आठ-दहा, आणि पुढे चार वर्षं दर काही महिन्यांनी. बूट मध्येच सोडले की पाऊल पुन्हा वळतं. पुन्हा वळण्याचं सगळ्यात मोठं कारण बूट सोडणं हेच आहे. म्हणजे या उपचाराचं यश अर्धं डॉक्टरच्या हातात आणि अर्धं हॉस्पिटल घरापासून किती लांब आहे त्यावर.

आता मुंबईचा नकाशा काढा.

मुलांच्या हाडांचं नाव काढलं की आपल्याकडे दोन पत्ते सांगतात, परळ आणि हाजी अली. परळचं वाडिया १९२९ सालचं. हाजी अलीची गोष्ट तर प्रत्येक मुंबईकराला माहीत असायला हवी. फातिमा इस्माईल नावाच्या बाई. त्यांच्या मुलीला पोलिओ झाला. उपचारासाठी वणवण केल्यावर त्यांनी ठरवलं की इतर आयांवर ही वेळ येऊ नये, आणि १९४७ साली मुंबईत पोलिओ झालेल्या मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यातूनच पुढे हाजी अलीचं मुलांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल उभं राहिलं. तिथेच जवळ १९५५ मध्ये केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली. या लोकांचे उपकार या शहरावर आहेत. वाडियाचं अनुदान अडकून जानेवारी २०२० मध्ये ते बंद पडायची वेळ आली, कर्मचारी रस्त्यावर आले, उच्च न्यायालयाला सरकार आणि पालिकेचे कान उपटावे लागले, तेव्हा उपनगरातल्या आईबापांचाही जीव टांगणीला लागला होता. कारण तिथली गर्दी काही फक्त परळ-लालबागची नसते.

पण तारखा बघा. १९२९. १९४७. १९५५. बोरिवली आणि मुलुंड मुंबई महापालिकेत आले तेच मुळी १९५७ मध्ये! तेव्हा मुलं दक्षिणेला होती, म्हणून दवाखाने दक्षिणेला झाले, बरोबरच होतं. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्ह्यात साधारण ३१ लाख माणसं आणि उपनगर जिल्ह्यात साधारण ९३ लाख. चारातले तीन मुंबईकर माहीम-सायनच्या अलीकडे, आपल्या बाजूला राहतात. माणसं आली, बिल्डिंगा आल्या, मेट्रो आली. वाकड्या पायाच्या बाळाला सांगायचं उत्तर मात्र तेच राहिलं, ‘परळला जा.’

परळला जा म्हणजे काय, हे सांगणाऱ्याने एकदा करून बघावं. दहिसर-बोरिवलीहून सकाळी आठची लोकल. कडेवर तीन आठवड्यांचं बाळ, दोन्ही पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. पिशवीत दुधाची बाटली, दुपटी, केसपेपरची फाईल. आई स्वतः ओली बाळंतीण. महिलांच्या डब्यात उभं राहायला जागा नाही. मुलुंडहून स्लो पकडली तर जागा मिळेल कदाचित, वेळ जाईल. मग रांग, मग नंबर, मग प्लास्टर, मग परत. अख्खा दिवस गेला. नवरा बरोबर आला तर त्याचा खाडा. सरकारी योजनेचं कार्ड ऑपरेशनचा खर्च देईल, बुडालेली हजेरी भरून देत नाही. असे आठ-दहा दिवस ओळीने काढा आणि मग मला सांगा की पालक निष्काळजी आहेत.

यावर ठरलेली उत्तरं येतात. एकेक घेऊ.

‘प्रत्येक हॉस्पिटलमध्ये मुलांच्या हाडांचा तज्ज्ञ कुठून आणणार?’ मान्य. तेवढे तज्ज्ञ नाहीत. आणि आपल्याकडच्या पालिका हॉस्पिटलांतल्या ऑर्थो ओपीडीवर केवढा भार आहे हेही दिसतं. लोकलमधून पडलेला, बाईकवरून पडलेला, बांधकामावरून पडलेला, सगळे तिथेच येतात. तिथल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. पण पोन्सेटीसाठी प्रत्येक ठिकाणी तज्ज्ञ लागतच नाही. युगांडा आणि मलावीत डॉक्टर नसलेले प्रशिक्षित ऑर्थोपेडिक कर्मचारी ही प्लास्टरं घालतात. युगांडात पट्टीचे बूट तिथल्याच कारखान्यात, तिथल्याच कातड्या-लोखंडातून बनवले. धारावीत चामड्याचं काम करणारे कारागीर ज्या शहरात आहेत, त्या शहराने बूट ‘बाहेरून घ्या’ म्हणावं? एक जाणता डॉक्टर देखरेखीला, आणि हाताखाली दोन शिकवलेली माणसं, आठवड्यातला एक ठरलेला दिवस. एवढंच लागतं. फक्त ती माणसं दर सहा महिन्यांनी बदलायची नाहीत.

‘पालक अडाणी आहेत.’ ज्या बाईने आठ-दहा वेळा प्लास्टर घातलेलं बाळ घेऊन लोकलने प्रवास केला, ती निष्काळजी नाही. बूट चार वर्षं का घालायचे, पाय सरळ दिसले तरी का सोडायचे नाहीत, हे तिला तिच्या भाषेत, सासूला समोर बसवून सांगायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कोणाच्या ड्युटीत लिहिलेली नाहीत. आणि ती दोनदा आली नाही तर तिला फोन करणं हेही कोणाच्या ड्युटीत नाही.

‘नवीन हॉस्पिटलं होतायत ना.’ होतायत. बोरिवलीचं भगवती आणि मुलुंडचं अगरवाल यांच्या पुनर्बांधणीची वाट तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं बघितली आहे. इमारत झाली की सगळं होईल, हे वाक्य ऐकत एक अख्खी पिढी मोठी झाली. बाळाचं हाड इमारतीसाठी थांबत नाही. आणि प्लास्टरच्या खोलीला एक टेबल, एक सिंक आणि पाण्याचा नळ लागतो. त्यासाठी भूमिपूजन लागत नाही. बहुतेक म्हणूनच ती होत नाही.

‘पैसे नाहीत.’ हे मात्र कोणी म्हणू नये. २०२५-२६ चं मुंबई महापालिकेचं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं. त्यात साधारण दहावा हिस्सा आरोग्याचा. त्यात प्लास्टरच्या पट्ट्या आणि लहान मुलांचे बूट बसत नसतील तर बजेट मांडणाऱ्याने एकदा बाळ मांडीवर घेऊन बसावं.

आता कायदा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २५ काढून वाचा. त्यात सरकार आणि स्थानिक संस्था दोघांवर जबाबदारी टाकली आहे. जवळपासच्या ठिकाणी मोफत आरोग्यसेवा, आणि प्रत्येक मुलाची वर्षातून किमान एकदा तपासणी. ‘जवळपास’ हा शब्द कायद्यात आहे, मी घातलेला नाही. कायद्याने ग्रामीण भागाचा खास उल्लेख केलाय, उत्पन्नाची अट घालायची मुभाही ठेवली आहे, तेही सांगतो. पण मालाडच्या डोंगरावर किंवा घाटकोपरच्या डोंगरावर राहणारी बाई या अटीत बसत नाही असं कोण म्हणेल?

दुसरं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी आणि उपचार. त्याच्या यादीत क्लबफूट आहे, जन्मतः निसटलेला खुबा आहे. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला. कुठे माहिती आहे? पालघरला. विरारच्या पुढे, आपल्याच लाईनवर. देशाला दिलेली योजना आपल्या दारातून निघाली, आणि आपल्याच बोरिवली-मुलुंडमध्ये किती आयांना तिचं नाव माहीत आहे? कमेंटमध्ये प्रामाणिकपणे लिहा.

खुब्याचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो, कारण तो जास्त फसवा आहे. वाकडं पाऊल दिसतं तरी. निसटलेला खुबा दिसत नाही, दुखत नाही. जन्मल्यावर डॉक्टरने बाळाचे दोन्ही पाय गुडघ्यात वाकवून, बाजूला फाकवून तपासले तर हाताला कळतो. सहा महिन्यांच्या आत सापडला तर बहुतेक वेळा पट्ट्यांच्या एका साध्या हार्नेसने जागेवर बसतो. चालायला लागल्यावर, बाळ लंगडतंय म्हणून सापडला तर ऑपरेशन, मोठं प्लास्टर आणि मोठेपणी खुबा झिजायची भीती. दोन मिनिटांच्या तपासणीवर हा सगळा फरक अवलंबून आहे.

आपल्याकडे पायाळू माणसाचं केवढं कौतुक! त्याने पाय लावला की उसण जाते म्हणतात. पण पायाळू जन्मलेल्या बाळाचे खुबे नीट तपासायचे असतात, चार-सहा आठवड्यांनी सोनोग्राफी करून घ्यायची असते, हे किती घरांत सांगितलं जातं? मुलगी असेल, पायाळू असेल, घरात आधी कोणाला असेल, तर डॉक्टरला विचाराच. लंगोट बदलताना एक पाय कमी फाकतो, मांडीच्या वळ्या सारख्या नाहीत, एक पाय आखूड वाटतो, यातलं काही दिसलं तरी विचारा. आणि बाळाला दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ करून आवळून बांधू नका. पाय बेडकासारखे मोकळे राहू द्या. आपल्या आज्या मुलाला कडेवर घ्यायच्या, त्यात पाय आपोआप फाकलेले राहतात. तेवढं मात्र त्यांचं अगदी बरोबर होतं.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ही आपल्यासारख्या टू-बीएचकेवाल्यांसाठी.

ज्या शहरात गरज असलेल्या बाळाला बूट मिळत नाहीत, त्याच शहरात गरज नसलेल्या मुलांना बूट विकले जातात. तीन वर्षांच्या मुलाचा तळवा सपाट आहे म्हणून खास बूट, खास सोल, दर वर्षी नवीन माप. अहो, त्या वयात तळवा सपाट दिसतोच! मुलाला चवड्यावर उभं करा. कमान दिसली, दुखत नाही, पळतोय खेळतोय, तर बहुतेक वेळा काही करायचं नसतं. १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांना तीन वर्षं असे बूट आणि सोल घालून बघितले, न घालणाऱ्या मुलांपेक्षा काही वेगळं झालं नाही. आपल्या देशात १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३०० मुलांच्या पाहणीत तर सपाट पाय बूट घालणाऱ्यांत जास्त सापडले, अनवाणी फिरणाऱ्यांत कमी.

तसंच पायांच्या आकाराचं. दोन वर्षांपर्यंत पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असू शकतात. तीन-चार वर्षांचं झाल्यावर गुडघे एकमेकांना लागतात. सातच्या आसपास बहुतेकांचे आपोआप सरळ होतात. काळजी कधी करायची? एकच पाय वाकडा असेल, दुखत असेल, लंगडत असेल, वाकडेपणा वाढतच असेल, उंची फार कमी असेल. मग मुडदूस आहे का, ड जीवनसत्त्व कमी आहे का ते तपासायचं. एकमेकांना चिकटलेल्या बिल्डिंगांत खालच्या मजल्यावर जिथे दुपारी बारालाही ट्यूबलाईट लागते, तिथली मुलं हा वेगळाच विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

सांगायचं हे की ज्याला गरज नाही त्याच्याकडे सगळे धावतात, कारण त्याच्याकडे पैसे आहेत. आणि ज्याला गरज आहे त्याला नकाशा दाखवतात.

तर मागणी काय? मोठं काही नाही.

१. पालिकेच्या प्रत्येक सूतिकागृहात आणि हॉस्पिटलमध्ये बाळ घरी जाण्याआधी पाय आणि खुबे तपासून कार्डावर तसं लिहायचं. खाली सही.

२. कूपर, राजावाडी, कांदिवली आणि गोवंडीची शताब्दी, मुलुंड, बोरिवली, यातल्या प्रत्येक ठिकाणी बाहेर ठळक मराठीत बोर्ड लावायचा. वाकड्या पायाच्या बाळांची ओपीडी कोणत्या वारी, कोणत्या खोलीत. जिथे ओपीडी आहे तिथे बोर्ड लागेल, जिथे नाही तिथे तेही सगळ्यांना कळेल.

३. बूट मोफत, सगळी मापं स्टॉकमध्ये. पाय वाढला की नवीन जोड.

४. आली नाही त्या आईला फोन. आणि वस्तीत घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकांना बुटांचं महत्त्व शिकवायचं. बूट नीट बसलेत का एवढं बघायला परळ कशाला, ‘आपला दवाखाना’ पुरे.

५. दर वर्षी दोन आकडे जाहीर करायचे. किती बाळांचं प्लास्टर सुरू झालं आणि किती बाळांनी चार वर्षांचे बूट पूर्ण केले. दुसरा आकडा जाहीर करायची वेळ आली की सगळं आपोआप सुधारेल.

मार्च २०२२ मध्ये पालिका प्रशासकाच्या हाती गेली तेव्हापासून हे विचारायला वर्षानुवर्षं वॉर्डात नगरसेवकच नव्हता. तुमच्या वॉर्डात मत मागायला जो कोणी येतो त्याला गटार, पाणी, पार्किंग जरूर विचारा. त्यात हा एक प्रश्न वाढवा, ‘वाकड्या पायाचं बाळ जन्मलं तर आपल्या वॉर्डातून कुठे न्यायचं?’ त्याने ‘परळला’ म्हटलं की पुढचा प्रश्न, ‘तुम्ही लोकलने गेलाय का कधी तिथे, बाळ घेऊन?’

मावशींच्या नातवाचं काय झालं ते राहिलं. त्याला ‘आता मोठं ऑपरेशनच’ असं सांगितलं होतं. दुसरीकडे दाखवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, तीन वर्षांच्या मुलालाही पुन्हा प्लास्टर घालून बघता येतं, आधी तेच करू. सध्या तिसरं प्लास्टर आहे. दर आठवड्याला एक दिवस मावशी कामाला येत नाहीत. बिल्डिंगमधल्या चार घरांनी ठरवलंय की त्या दिवसाचे पैसे कापायचे नाहीत. सुनेचं एक काम आम्ही करू शकलो, ते म्हणजे तिच्या सासूला बसवून सांगितलं की यात तिचा काही दोष नव्हता. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग माळ्यावरचे जुने बूट काढून आणले आणि म्हणाल्या, ‘हे आता कोणाच्या बाळाला होतील का बघा.’

छोटे आहेत. पहिल्या तीन महिन्यांच्या मापाचे. कोणाला हवे असतील तर आधी तुमच्या डॉक्टरांना माप विचारा आणि इनबॉक्समध्ये या.

तुमच्या जवळच्या पालिका हॉस्पिटलमध्ये अशी ओपीडी असेल तर वार आणि खोली नंबर कमेंटमध्ये लिहा. यादी करून पुन्हा टाकतो. पोस्ट शेअर करा, कॉपी केलीत तरी चालेल, माझं नाव नसलं तरी चालेल.